मदत हवी आहे: आक्षीचा कुरव (सीगल) कोणता, आणि भरतीला कुठे बसावं?

नमस्कार मंडळी. रविवारी पहाटे अलिबागजवळ आक्षीला गेले होते. पाणी चढू लागलं तसे चिखलावर पांगलेले पक्षी किनाऱ्याकडे सरकले. कुरव भरपूर होते. हिवाळ्यात तपकिरी आणि काळ्या डोक्याच्या, दोन्ही कुरवांची डोकी पांढरीच, कानामागे गडद ठिपका. म्हणून मी पंखांची टोकं बघते. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात.

पण त्यांत एकाच्या कानामागे ठिपका जवळजवळ नव्हताच. कपाळ उतरतं, मान लांब, चोचही लांबट. स्लेंडर-बिल्ड गल (बारीक चोचीचा कुरव) असेल का? डोळ्याचा रंग दिसला नाही, फोटो धूसर आलाय. उभ्या पक्ष्यावरून खात्री कशी करता?

दुसरं, काकांना घेऊन पुन्हा जायचंय. त्यांचं वय सत्तर, चिखलात चालणं जमणार नाही. आक्षी बरं की दापोलीकडचं आंजर्ले-हर्णै? उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, वाळूची पट्टी आखडते आणि पक्षी जवळ येतात, पण बसायला जागा उरते का? की भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचे, दिवस निवडू? भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, त्यामुळे सकाळच्या उन्हात भरती गाठायची तर तारीख आधीच ठरवावी लागेल.

आणि एक. ऑयस्टरकॅचर या लांब लाल चोचीच्या स्थलांतरित किनारपक्ष्यांचा थवा कुत्र्यांनी तीनदा उठवला. इतक्या लांबून आलेल्या पाखरांना टेकूही मिळेना, फार वाईट वाटलं. तुमच्या किनाऱ्यावर गावकऱ्यांशी बोलून यावर काही जमलंय का? अनुभव नक्की सांगा.