विश्वाला सुरुवात होती, हे पोरांना इतकं ठासून कामून सांगायचं?

हिंगोलीकर मास्तर:
औंढा नागनाथजवळ लायगो, म्हणजे अवकाशातले बारीक हेलकावे (गुरुत्वलहरी) टिपणारं यंत्र, होणार म्हटल्यापासून वर्गातली पोरं काय काय विचारतात. परवा नववीतला एकजण म्हणाला, "सर, महास्फोटाच्या आधी काय होतं?" मी म्हणालो, "काहीच नव्हतं." आणि दिवसभर स्वतःवरच चिडलो. कुणी पाहिलंय? नारळीकर सर शेवटपर्यंत महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. १९९३ साली हॉएल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत त्यांनी असं विश्व मांडलं की ज्याला आदि नाही, अंतही नाही. ते फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं. हे पोरांना का सांगत नाही आपण?

लातुरी तर्कट:
सांगा की, पण पुढचंही सांगा. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की आकाशात कुठंही अँटेना फिरवा, सगळीकडून सारखीच खरखर येते, म्हणजे सगळीकडं पसरलेलं मंद प्रारण. तापमान जेमतेम २.७ केल्विन. चुलीतली राख कोमट लागली तर जाळ झाला होता, एवढं तर कळतं ना राव? आता नारळीकरांचं उत्तर काय होतं? ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांनी शोषून एकसारखा केला. कल्पना भन्नाट आहे. पण १९९० मध्ये कोबे उपग्रहानं त्या प्रारणाचा आलेख काढला, तो एकाच तापमानाच्या वस्तूचा असावा इतका नितळ निघाला की सुयांवर भागवणं अवघड. वर विश्वातल्या साध्या द्रव्यात वजनानं जवळपास पाव हिस्सा हेलियम. सुरुवातीच्या तापात नाही, एवढं सगळं ताऱ्यांनी शिजवलं म्हणता?

हिंगोलीकर मास्तर:
राख कोमट आहे, कबूल. पण जाळ कुणी लावला, त्याआधी तिथं चूल होती का, हे राखेवरून कळत नाही. माझा मुद्दा तेवढाच.

लातुरी तर्कट:
मग भांडण कशाचं? विश्व पूर्वी तापलेलं आणि दाट होतं, १३८० कोटी वर्षांत पसरत निवळत गेलं, एवढंच महास्फोट ठामपणे सांगतो. "शून्यातून उगवलं" हे तुम्हीच पदरचं घातलं वर्गात.

गोदाकाठचा:
आपल्याकडं हे आधीच लिहून ठेवलंय. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षं. दिवस संपला की प्रलय, मग पुन्हा सृष्टी.

परभणीची ताई:
दादा, ४३२ आणि १३८० जुळतात कुठं? पृथ्वीच्या वयाच्या, म्हणजे ४५४ कोटींच्या जवळपास जातो तो आकडा, पण नुसत्या जवळपासला पुरावा म्हणत नाहीत. अभिमानच धरायचा तर ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा धरा. हे सगळं कुठून आलं ते वरचा अध्यक्ष जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल, असं म्हणून थांबायची हिंमत आहे त्यात. (मास्तर, तुमच्यापेक्षा जास्त!)

नांदेडी:
सुरुवातीवरच कुटत बसलाव सगळे. शेवटाचं बोला. १९९८ ला दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोय. असंच चाललं तर तारे विझतील, सगळं गार पडेल. पण दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या मोजणीत कृष्णऊर्जा, म्हणजे हा वेग वाढवणारी ती अनोळखी ऊर्जा, ओसरत असल्याची चाहूल लागलीय. ते पक्कं झालं तर शेवटाचं गणित पुन्हा मांडावं लागेल.

परभणीची ताई:
आणि तिथं औंढ्याचं यंत्र कामाला येईल. प्रसरणाचा आजचा दर, म्हणजे दर मेगापार्सेक (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) अंतराला सेकंदाला किती किलोमीटर, एका पद्धतीनं ६७ येतो, दुसरीनं ७३. न्यूट्रॉन तारे, म्हणजे विझलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिदाट गाभे, एकमेकांवर धडकले की गुरुत्वलहरींवरून त्यांचं अंतर थेट काढता येतं. १७ ऑगस्ट २०१७ ला एकदा जमलंय. भारतात चार किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहिल्या की आकाशातली जागा जास्त नेमकी सापडेल. म्हणजे हा तंटा मिटवायला आपल्या हिंगोलीचा हातभार!

हिंगोलीकर मास्तर:
बरं. सोमवारी त्या पोराला सांगतो, "काहीच नव्हतं" हे चुकलं माझं, "माहीत नाही" असं लिही. पण नारळीकरांचं विश्वही फळ्यावर काढणार.

लातुरी तर्कट:
काढा. सुयांचं उत्तर राहिलंय पण, सर.