नोहाच्या गोष्टीत कृपा कुठे दिसते?

उंबरठा:
रविवारच्या प्रवचनात बायबलातला नोहा, आणि पुन्हा तेच: देवाने आणलेल्या पुराचं पाणी, नोहाचं कुटुंब ज्यात वाचलं ते तारू (मोठं जहाज), प्राण्यांच्या जोड्या. मुख्य शब्द ऐकायचाच राहतो. 'नोहा' हे नाव इब्रीत (हिब्रूत, या गोष्टीच्या मूळ भाषेत) विसाव्याच्या शब्दाशी जुळतं. तारू आरारातच्या डोंगरावर टेकतं तिथे तेच क्रियापद, कबुतराला पाय टेकायला जागा मिळत नाही तिथेही तोच धातू. आणि 'नोहा'ची दोन इब्री अक्षरं उलटी वाचा, 'हेन' होतं, म्हणजे कृपा, लायकी न बघता मिळणारी. बायबलात हा शब्द पहिल्यांदा येतो तो नोहासाठीच (बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, ६:८ म्हणजे अध्याय ६, वचन ८).

तारखाही बघा. तारू टेकलं सातव्या महिन्याच्या १७ तारखेला, डोंगरमाथे दिसले दहाव्याच्या १ तारखेला. चहूकडे पाणीच पाणी असताना खाली जमीन लागली होती!

खारंपाणी:
अक्षरांचा खेळ झकास. पण तारवाच्या दाराचं काय? ७:१६ प्रमाणे परमेश्वरानेच ते बंद केलं. आत आठ माणसं. बाहेर लेकुरवाळ्या बाया नव्हत्या का? शिवाय ७:१ मध्ये देव स्वच्छ सांगतो, या पिढीत तू मला नीतिमान दिसलास, म्हणून आत ये. ही तर गुणवत्ता यादी झाली. कृपा कसली?

उंबरठा:
६:८ मध्ये कृपा, ६:९ मध्ये 'नीतिमान'. क्रम बघा की.

खारंपाणी:
६:९ पासून नोहाची वंशावळ म्हणून नवा भाग सुरू होतो. क्रमावर इमले नका बांधू.

माजघर:
हे मान्य. मी ६:५ आणि ८:२१ शेजारी ठेवून वाचते. माणसाच्या मनात वाईटच येतं, म्हणून पूर. पूर ओसरल्यावर देव म्हणतो, पुन्हा असा संहार करणार नाही, कारण माणसाच्या मनात लहानपणापासून वाईटच येतं. आरोप तोच, निकाल उलटा. माणूस तसूभरही सुधारलेला नाही. मला कृपा इथे दिसते, तारवात नाही.

खारंपाणी:
ताई, तिथला इब्री शब्द 'कारण' असाही लागतो नि 'जरी' असाही. 'जरी' घेतलंत तर धार कमी होते.

माजघर:
होऊ दे. 'जरी' घेतलं तरी निकाल उलटाच राहतो ना?

उंबरठा:
दाराबद्दल: बायबलाच्या नव्या करारात, पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:२०) आहे की तारू तयार होत असताना देव सहनशीलपणे वाट पाहत होता.

खारंपाणी:
वाट पाहत होता हे बाहेरच्यांना सांगितलं कुणी? उत्पत्तीत नोहाच्या तोंडी पहिलं वाक्य येतं ते ९:२५ ला. पूर संपलेला, द्राक्षारस उतरलेला, आणि ते वाक्यही काय, तर नातवाला शाप.

उंबरठा:
हे मात्र बोचलं. पेत्राचं दुसरं पत्र त्याला नीतिमत्त्वाचा उपदेशक म्हणतं खरं. उपदेशाची एक ओळ मात्र बायबलात कुठेच सापडत नाही.