फिल हेंड्री यांची जुनी ध्वनिमुद्रणे: फसलेल्या श्रोत्याला हसावे काय?

निपाणीकर:
दुकान बंद केल्यावर रात्री तासभर मी सध्या फिल हेंड्री यांच्या रेडिओ कार्यक्रमाची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकत असतो. हा कार्यक्रम १९९६ पासून लॉस एंजेलिसच्या केएफआय केंद्रावरून आणि १९९९ पासून अमेरिकाभर प्रसारित होत असे. २००६ मध्ये हेंड्री यांनी तो थांबवला. कोणी पाहुणा येऊन संताप यावा अशी मते मांडी, श्रोते फोन करून त्याच्याशी भांडत, आणि तो पाहुणा म्हणजे आवाज बदलून बोलणारे खुद्द हेंड्रीच असत. फोन करणारे मात्र खरेखुरे. पहिल्यांदा ऐकताना मी पोट धरून हसलो. आता दुसऱ्या फेरीत पाहुण्याकडे लक्षच जात नाही. रागाने शब्द फुटेनासा झालेल्या फोनवरच्या बाईचा श्वास तेवढा ऐकू येतो आणि हसू मावळते. आपण जाणकारांनी सांगावे, हे नाटक म्हणून ऐकावे की फसवणूक म्हणून?

खानापूरचा श्रोता:
आमच्या लहानपणी सुगीनंतर बहुरूपी येत असे. खाकी कपडे, हातात दंडुका. अंगणात उभा राहून तो आजीला दरडावी, की तुमच्या नावाचे वॉरंट निघाले आहे, चला चौकीवर. आजी खरोखर घाबरे. मग तो हसून सलाम ठोकी आणि सूपभर तांदूळ घेऊन जाई. हेंड्री यांचे 'जे सँटोस' नावाचे पात्रही असेच, लोकांवर पाळत ठेवणारा स्वयंघोषित नागरिक-पोलीस. मात्र बहुरूपी ज्याला फसवी त्याच्याच समोर सोंग उतरवी, आणि इथे फोन करणारा तणतणत निघून जातो. हेंड्री आपली युक्ती इतर श्रोत्यांना उघडपणे सांगत असत, हे त्यांच्या बाजूने म्हणता येईल; पण त्यामुळे फसणारा एकटा आणि हसणारे हजारो, असा प्रकार होतो. मला तो रुचत नाही, तरी मी ऐकतो.

बेळगाव, शहापूर:
कानाला इयरफोन लावून ऐकावे. हेंड्री यजमान म्हणून मायक्रोफोनमध्ये आणि पाहुणा म्हणून हातातल्या टेलिफोनमध्ये बोलत. टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असल्यामुळे आवाज बारीक, चेपलेला येतो, आणि तेवढ्यावरून आपला कान ठरवून टाकतो की हा माणूस स्टुडिओबाहेरचा आहे. नक्कल उत्तम आहेच, पण निम्मे काम त्या तारेने केले आहे. राहिला प्रश्न नवे लोक दररोज कसे फसत याचा. केएफआय हे ५०,००० वॉटचे मध्यमलहरी केंद्र आहे, आणि रात्री मध्यमलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. बटण फिरवता फिरवता कोणीतरी मधूनच त्या गोंधळात येऊन पडत असणार, जसे आपण सांगली शोधताना भलत्याच केंद्रावर जाऊन पोहोचत असू. संग्रह उघडून ऐकणाऱ्याला ही मधूनच येण्याची अवस्था मिळतच नाही, कारण आपल्याला सारे आधीच ठाऊक असते. म्हणून एखादा भाग घरातल्या माणसाला काही न सांगता ऐकवून पाहावा.

निपाणीकर:
आपल्या सूचनेप्रमाणे काल इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असलेल्या थोरल्या काकांना एक भाग ऐकवला. दहाव्या मिनिटाला ते पाहुण्यावर इतके चिडले, की चहा तसाच ठेवून म्हणाले, "या मूर्खाचा फोन हा गृहस्थ ठेवून का देत नाही?" खरे सांगितल्यावर ते खजील झाले नाहीत, उलट म्हणाले, "गल्ल्यावर बसून तू चिकोडीच्या व्यापाऱ्याशी फोनवर कन्नडमध्ये बोलतोस आणि लगेच गिऱ्हाइकाशी मराठीत, तेव्हा तुझाही आवाज बदलतो. मागच्या खोलीतून ऐकताना दोन माणसे बसल्यासारखी वाटतात." मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी फोनवरच्या त्या बाईबद्दल विचारले, की तिला हे नंतर कोणी सांगितले काय. मी तो भाग पुन्हा शेवटपर्यंत लावला. तिचा फोन तुटतो, आणि लगेच जाहिरात सुरू होते.