अतिदक्षता विभागात सांगितलेल्या ‘५५ टक्के’ या आकड्याचा अर्थ काय घ्यावा?

भातखाचर (प्रश्न):

माझे वडील ५८ वर्षांचे आहेत आणि कोकणात शेती करतात. लावणीच्या दिवसांत आठवडाभर चिखलात काम केल्यानंतर त्यांना ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की उभे राहवेना, आणि चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. तालुक्याच्या रुग्णालयात एक दिवस सलाइन आणि ऑक्सिजन देऊन त्यांना शहरातील खासगी रुग्णालयात हलवले. लेप्टोस्पायरोसिसचे (दूषित पाण्या-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग, ‘लेप्टो’) निदान झाले आहे. ते कालपासून व्हेंटिलेटरवर असून त्यांना झोपेचे औषध चालू आहे आणि डायलिसिस एकदा झाले आहे. दाखल केले तेव्हा बिलिरुबिन (काविळीचे माप) १३, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) ५.२ आणि प्लेटलेट ४५ हजार होत्या.

काल डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितले की ‘अपाची’ स्कोअर २५ आहे, म्हणजे मृत्यूचा धोका सुमारे ५५ टक्के. तेव्हापासून घरात या एकाच आकड्याची चर्चा चालली आहे. थोरले काका म्हणतात की निम्म्याहून जास्त धोका असेल तर जमीन गहाण टाकण्यात अर्थ नाही, त्यांना घरी न्यावे. मी शाळेत गणित शिकवतो, टक्केवारी मला रोजची आहे, पण हे ५५ टक्के नेमके कोणाचे, हे मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

रात्रपाळी (अतिदक्षता तज्ज्ञ):

आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी भाकीत करणार नाही, पण आकडा कसा तयार होतो ते सांगतो. आजाराची तीव्रता मोजणारी अपाची-२ ही पद्धत अमेरिकेत विल्यम नॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडली. दाखल झाल्यापासून पहिल्या २४ तासांत तापमान, रक्तदाब, नाडी, श्वास, रक्तातील ऑक्सिजन, सोडियम, क्रिएटिनिन, शुद्धीची पातळी अशा १२ गोष्टींची जी सर्वांत वाईट नोंद असेल तिला गुण देतात, त्यात वय आणि जुने आजार यांचे गुण मिळवतात, आणि एकूण बेरीज ० ते ७१ यांच्या दरम्यान येते. वडिलांच्या २५ गुणांपैकी ३ निव्वळ वयाचे आहेत. क्रिएटिनिन ३.५ किंवा त्याहून जास्त असेल तर ४ गुण मिळतात आणि मूत्रपिंड अचानक बंद पडले असेल तर ते दुप्पट होतात, म्हणजे त्यांच्याबाबतीत ८. याचा अर्थ बेरजेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अशा एका अवयवाचा आहे ज्याचे काम काही दिवस डायलिसिसवर चालवता येते आणि जो लेप्टोमध्ये बहुधा पुन्हा सुरू होतो.

दुसरी गोष्ट अशी की नुसत्या बेरजेवरून टक्केवारी निघत नाही, तिच्यात आजाराचे वजन धरावे लागते. मूळ सूत्रात २५ गुण घालून पाहा. आजार ‘सेप्सिस’ (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे) धरला तर धोका ५६ टक्के येतो, मधुमेहातील कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणे) धरला तर २०, आणि औषधाचा अतिरेकी डोस घेतलेला रुग्ण असेल तर जेमतेम ४ टक्के. गुण तेच राहतात. आपल्याला सांगितलेले ५५ टक्के बहुधा सेप्सिसच्या रकान्यातून आलेले आहेत, कारण त्या यादीत लेप्टोला स्वतःचा रकानाच नाही.

आपल्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: शुद्धीची पातळी झोपेचे औषध देण्यापूर्वीची धरली की नंतरची? ग्लासगो मापनात १५ म्हणजे पूर्ण शुद्ध आणि ३ म्हणजे काहीच प्रतिसाद नाही, आणि १५ मधून जितके कमी तितके गुण अपाचीत वाढतात. औषधाने झोपवलेल्या माणसाला ३ धरले तर १२ गुण फुकटचे चढतात. नियमाप्रमाणे औषधापूर्वीची पातळी धरायची असते, पण घाईत ही चूक होते. याच्या उलट, तालुक्याच्या रुग्णालयात सलाइन आणि ऑक्सिजन मिळाल्याने काही नोंदी सुधारून आल्या असतील, तर स्कोअर खरा आजार दाखवतो त्यापेक्षा कमीही आला असेल. हेही मी लपवणार नाही.

सांख्यिक:

गणिताच्या शिक्षकांना त्यांच्याच भाषेत उत्तर देतो. ते सूत्र अमेरिकेतील १३ रुग्णालयांतील ५,८१५ दाखल रुग्णांवरून बसवले आहे. ‘५५ टक्के’ या विधानाचा अर्थ इतकाच की त्या समूहात असे गुण आणि असा रकाना असलेले शंभर रुग्ण घेतले तर सुमारे ५५ दगावले असते. आपले वडील त्या शंभरांपैकी कोण, हे सूत्राला ठाऊक नाही आणि ते सांगण्यासाठी ते रचलेलेही नाही. रुग्णांच्या गटांची तुलना करता यावी आणि एका विभागाचे काम दुसऱ्याशी ताडून पाहता यावे, हा त्याचा मुख्य उपयोग आहे.

अशा सूत्राच्या दोन कसोट्या असतात. वाचणारे आणि दगावणारे यांना ते वेगळे ओळखते का, ही पहिली, आणि त्याने सांगितलेली टक्केवारी प्रत्यक्ष मृत्यूंशी जुळते का, ही दुसरी. पहिल्या कसोटीला जुनी सूत्रेही बऱ्यापैकी उतरतात. दुसरीत मात्र देश, काळ आणि आजार बदलले की ती ढळतात, म्हणूनच त्याच गटाने १९९१ साली अपाची-३ आणि पुढे २००६ साली लाखाहून अधिक रुग्णांवर बसवलेली चौथी आवृत्ती आणली.

काकांच्या युक्तिवादाबद्दल आदराने एक सांगतो. आकडा पाहून उपचार थांबवले की रुग्ण दगावतो, आणि मग आकडा खरा ठरला असे सर्वांना वाटते. त्या माणसाचे उपचार चालू ठेवले असते तर काय झाले असते, हे कोणत्याही तक्त्यात नोंदले जात नाही. ज्यांना घरचे लोक स्वतःहून घेऊन जातात, त्यांचे पुढे काय झाले हेही रुग्णालयाला बहुधा कळत नाही.

सिस्टर_कोकण:

मी १६ वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका आहे आणि पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण दरवर्षी पाहते. पहिल्या दिवसाच्या आकड्याला धरून बसू नका, आकडे कोणत्या दिशेला चालले आहेत ते विचारा. ‘सोफा’ नावाचा दुसरा स्कोअर असतो. त्यात सहा अवयवसंस्थांना प्रत्येकी ० ते ४ गुण रोजच्या रोज देतात. तुमच्या वडिलांचे बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि प्लेटलेट मिळूनच ४, ४ आणि ३ असे ११ होतात, आणि हा आकडा ऐकून कोणाचेही पाय लटपटतील. पण लेप्टोची कावीळ कितीही गडद दिसली तरी त्यात यकृताच्या पेशी फारशा मरत नाहीत, आणि प्लेटलेट बहुतेकदा आठवड्याभरात चढू लागतात. खरी भीती फुप्फुसात रक्तस्राव होण्याची असते. नळीतून सक्शन करताना लाल रक्त येते का, हे विचारा.

रात्रपाळी (अतिदक्षता तज्ज्ञ):

सिस्टरांचे म्हणणे अभ्यासातही दिसते. ब्रुसेल्समध्ये ३५२ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २००१ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीचा सोफा ११ च्या वर असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक दगावले, हे खरे आहे. पण पहिल्या ९६ तासांत स्कोअर वाढला तर मृत्यूचे प्रमाण निदान ५० टक्के, आणि उतरला तर २७ टक्क्यांहून कमी, मग सुरुवात कुठूनही झालेली असो. म्हणून मी नातेवाइकांना पहिल्या दिवशी टक्केवारी सांगत नाही, चार दिवसांची मुदत मागतो आणि पाचव्या दिवशी त्यांच्याजवळ बसतो. त्या दिवशी आकडे चढतच असतील तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो, कारण खोटी आशा लावून कोणाचे शेत विकायला लावणे हाही अन्यायच आहे.

सिस्टर_कोकण:

तुम्हाला स्वतःला पाहता येतील अशा तीन गोष्टी सांगते. खाटेशेजारच्या सिरिंज पंपावर रक्तदाब टिकवणारे औषध, नॉरअॅड्रेनालिन, तासाला किती मिलिलिटर जाते तो आकडा, व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के ठेवला आहे तो आकडा, आणि लघवीची पिशवी. डायलिसिस झाल्यावर क्रिएटिनिन उतरते, ते यंत्राचे काम असते, त्यावर हुरळून जाऊ नका. पिशवीत लघवी उतरू लागली तर ते वडिलांच्या मूत्रपिंडाचे काम. पैशांचे म्हणाल तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का हे आजच विचारा. असेल तर तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात, शिधापत्रिका घेऊन त्यांना भेटा.

भातखाचर:

सर्वांचे मनापासून आभार. शुद्धीची पातळी औषधापूर्वीचीच, १४ धरली होती, म्हणजे २५ हा स्कोअर बरोबर आहे. सक्शनमध्ये रक्त नाही. मी सकाळी भेटीच्या वेळेत पंप पाहिला: परवा ८ होता, आज ३ वर आहे. ऑक्सिजन ७० वरून ५० टक्क्यांवर आणला आहे. काकांना मी ५५ टक्क्यांविषयी काही बोललो नाही, फक्त आत नेऊन ते आकडे दाखवले. त्यांनी तिथल्या सिस्टरांना विचारले की पिशवीत आहे ते आजचे का. सिस्टर म्हणाल्या, पहाटेपासूनचे, १८० मिलिलिटर. काका बाहेर आले आणि शिधापत्रिका आणायला घरी गेले.