अजित डोवाल: कर्तृत्व मान्य, पण जाब कोण विचारणार?

पंचवटीकर
रविवारी मिसळ खाताना सुरू झालेला वाद इथे आणतोय. मित्र म्हणाला, डोवालांसारखा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाला नाही. असेल. १९६८ च्या तुकडीचे आयपीएस, १९८८ मध्ये कीर्तिचक्र, पुढे आयबीचे (गुप्तचर खात्याचे) संचालक आणि २०१४ पासून आजतागायत याच पदावर. २०१९ पासून तर कॅबिनेट मंत्र्याचा दर्जाही. पण मंत्री लोकसभेत उभा राहून उत्तर देतो, हे देत नाहीत. १९६२ मध्ये चीनकडून मार खाल्ल्यावर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा १९६३ ला आपल्या नाशिकनेच त्यांना लोकसभेत पाठवलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला खरा, पण वाटेत नाशिकच्या मतदाराकडून शिक्का घेऊन गेला!

देवळालीकर
शिक्का कसला? बिनविरोध निवडून आले ते. मत कुणी दिलं? तोफखान्यात बावीस वर्षं काढली मी. आजही फायरिंग सुरू झालं की आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पेले किणकिणतात, नातू विचारतो काय झालं. त्याला मी सांगतो, सराव आहे. कुठला, कशासाठी, ते नाही सांगत. गुप्त काम करणाऱ्याला रोज संसदेत उभं करणार का? उरीचा हल्ला सप्टेंबर २०१६ मध्ये झाला, अकरा दिवसांत सर्जिकल स्ट्राइक. पुलवामा १४ फेब्रुवारी २०१९, बालाकोट २६ ला. आधी असं होत होतं?

गंगापूर रोड
काका, कारवाईचा तपशील कोण मागतंय? पठाणकोटच्या हवाई तळावरचा हल्ला, पुलवामात ४० जवान, पहलगाममध्ये २६ माणसं. कुठे कमी पडलो, एवढंच विचारायचं. २६/११ नंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटलांचं पद गेलं, राज्याचे गृहमंत्री आर. आर. आबांचं गेलं, मुख्यमंत्री विलासरावांचं गेलं. तेव्हाचे सल्लागार नारायणन मात्र २०१० पर्यंत खुर्चीवर होते. म्हणजे हा रोग एका पक्षाचा नाही.

ओझर टाउनशिप
डोवाल पाकिस्तानात वेशांतर करून राहिले, अमृतसरला रिक्षा चालवली, हे सगळं माहीत आहे का तुम्हाला? नुसता जाब जाब!

पंचवटीकर
माहीत आहे, दर आठवड्याला घरच्या ग्रुपवर येतं. दरवेळी पाकिस्तानातली वर्षं वाढलेली असतात. त्यापेक्षा कंदाहारच्या विमान अपहरणाचं बघा. डिसेंबर १९९९, वाटाघाटी करणाऱ्यांत डोवाल होते. मसूद अझरसह तिघा दहशतवाद्यांना सोडायचं ठरलं, आणि विमानात बसून गेले परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह. पुढे आयुष्यभर बोलणीही त्यांनीच खाल्ली. अधिकाऱ्याला दोष देत नाही मी, निर्णय सरकारचाच होता. मंत्री होता म्हणून लोकांना बोट दाखवायला कुणीतरी होतं, इतकंच.

देवळालीकर
मग आजही पंतप्रधान आहेत ना! सल्लागार त्यांचा, त्यांच्याबरोबर येणार आणि त्यांच्याबरोबर जाणार. १९९८ मध्ये पद निघालं तेव्हा ब्रजेश मिश्र एकाच वेळी पंतप्रधानांचे प्रधान सचिव आणि सल्लागार होते. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या समितीनेही या कामाला पूर्णवेळ माणूस हवा म्हटलं होतं. नंतरचे सल्लागार दीक्षित, मेनन परराष्ट्र सेवेतले. छान बोलायचे, छान लिहायचे. डोवाल रस्त्यावरच्या पोलिसगिरीतून आलेत. मला असा माणूस तिथे बरा वाटतो.

गंगापूर रोड
पण चीनशी सीमेची बोलणीही हाच माणूस करतो, काका. ते काम पोलिसगिरीचं नाही.

पंचवटीकर
आणि बिनविरोधचं म्हणाल तर, त्याच यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत ६२ च्या पराभवाच्या चौकशीवर निवेदन केलं. कुठे चुकलं ते सांगितलं.

देवळालीकर
निवेदन केलं, अहवाल मात्र सरकारने आजवर बाहेर काढलेला नाही. हाच तुमचा जाब?

पंचवटीकर
निवेदन तरी मिळालं ना, काका. पहलगामबद्दल डोवालांनी सभागृहात केलेलं एक दाखवा.