मदत हवी आहे: मेंढी अर्धी कातरून झाली, आता मशीन पुढे जात नाही

एकटा_जीव
पहिल्यांदाच एकट्याने कातरतोय. पाठीची एक बाजू झाली. आता मशीन लोकरीत शिरतच नाही, नुसतं अडकतं, आणि मेंढी लाथा झाडते. व्हिडिओत माणूस दोन-तीन मिनिटांत मोकळा होतो! लवकर सांगा, मेंढी खांबाला बांधलेली आहे.

कातरकाम
कुठलं मशीन? त्याचा कंगवा (पुढची दातेरी पट्टी) किती दातांचा? लोकर ओली आहे का? मेंढी गाभण आहे का? चारा कधी दिला?

एकटा_जीव
मशीन चांगलं आहे, ब्लेड नवीन. लोकर कोरडी. गाभण नाही. चारा सकाळी पोटभर दिलाय, उपाशी कशाला ठेवू?

बाभळीखाली
म्हणूनच लाथा. आदल्या रात्रीपासून चारा बंद ठेवतात. भरल्या पोटाने वाकवली की पोटाचा दाब फुप्फुसांवर येतो आणि ती श्वासासाठी धडपडते. शिवाय खांब कशाला? ढुंगणावर बसवा, पाठ तुमच्या पायांना टेकवा. खुरांना जमीन लागली नाही की बहुतेक मेंढ्या गप्प बसतात. सुरुवात पोटापासून करतात, पाठीपासून नव्हे.

जुनं_ते_सोनं
मशीन ठेवा बाजूला, हाताची कातर घ्या, लोकरीसाठीची, दाबली की मिटणारी. १८९२ मध्ये ऑस्ट्रेलियात जॅक हाऊने हातकातरीने एका दिवसात ३२१ मेंढ्या कातरल्या होत्या. आठ तासही लागले नाहीत.

कातरकाम
तो जॅक हाऊ होता. इथे एक मेंढी आहे, तीही अर्धी.

जुनं_ते_सोनं
मुद्दा असा की कातर तापत नाही. आणि अंगावर थोडी लोकर राहते, त्यामुळे मेंढी थंडीने काकडत नाही. मशीन पार कातडीपर्यंत साफ करतं.

कातरकाम
नवख्याच्या हातात कातरीचं टोक दिलं की सड कापला जातो, हेही सांगा ना. दोन्हीला सराव लागतो. @एकटा_जीव, कंगव्याचा फोटो टाका.

सूतकताई
लोकर धुताना पाणी गरम घ्या, पण घुसळू नका, नमदा होतो, म्हणजे लोकर गुंतून घट्ट बसते. गरम पाण्यातून एकदम गारात टाकू नका.

बाभळीखाली
ताई, लोकर अजून मेंढीच्या अंगावर आहे.

एकटा_जीव
हा घ्या फोटो. मशीन मशीनच असतं ना?

कातरकाम
नाही. हे गाई-घोड्यांचे केस काढायचं आहे. दात बारीक, एकमेकांना चिकटून. मेंढीच्या लोकरीत चरबी असते, ती दातांत बसली की खेळ खलास. मेंढीच्या मशीनचा कंगवा सहसा १३ दातांचा आणि रुंद फटींचा असतो, वर चार टोकांचा कटर. बदली कंगवा या मशीनवर बसणारही नाही, तेव्हा स्क्रू आवळत बसू नका, कंगवा तापून कातडी भाजेल.

एकटा_जीव
एक बाजू तर निघाली होती.

कातरकाम
दातांत चरबी भरेपर्यंत निघाली असेल. दुसरं मशीन मिळालं की मोकळ्या हाताने कातडी ताणून धरा आणि कंगवा सपाट चालवा. लोकर अजिबात ओढू नका. ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि तिथेच कापली जाते. काखेत, जांघेत, सडांजवळ हळू. राहिलेले खुंट परत कापायला जाऊ नका, त्या तुकड्यांचा सुताला उपयोग नसतो.

सूतकताई
हे मात्र अगदी बरोबर!

एकटा_जीव
घरात शिवणकामाची कात्री आहे. तिने उरलेली बाजू उरकू का?

जुनं_ते_सोनं
अहो, मी *कातर* म्हणालो होतो.

बाभळीखाली
नको. अर्धी राहिली तर काही बिघडत नाही. सोडा तिला, पाणी द्या, रात्री आडोशाला ठेवा. उघड्या बाजूवर थंडी, पाऊस किंवा कडक ऊन नको. कुठे कापलं असेल तर आत्ताच जंतुनाशक लावा, माशी बसली की अळ्या पडतात. धनुर्वाताची लस दिलेली आहे का?

एकटा_जीव
लस? डॉक्टरांना विचारतो. मशीन शेजाऱ्याकडे मिळतंय, पण तो म्हणतो सोबत तोही येणार.

कातरकाम
येऊ द्या की!