बोटीच्या ट्रेलरचे हब आणि ब्रेक: घरी कितपत करावे?

प्रश्न (बोरिवली)

माझी १६ फुटी फायबरची बोट मी हायड्रॉलिक ड्रम ब्रेक असलेल्या, एकाच ॲक्सलच्या ट्रेलरवरून मार्वेच्या किनाऱ्यावर नेतो. मे महिन्यातील शेवटच्या फेरीनंतर ट्रेलर हँडब्रेक ओढून आवारात ताडपत्रीखाली ठेवला होता. नारळी पौर्णिमेनंतर बोट पुन्हा उतरवायची म्हणून काल तो जॅकवर उचलला, तर डावे चाक हलतच नाही आणि उजवे फिरताना आतून खरखर ऐकू येते. उजव्या हबचे (चाकाचा मधला, बेअरिंग बसलेला भाग) टोपण काढल्यावर आतले ग्रीस ताकासारखे पांढुरके निघाले. गेल्या वर्षी एका गॅरेजने जुन्या ग्रीसवरच नवे भरून दिले होते. या वेळी काम स्वतः करावे असे वाटते. दोन्ही चाकांत काय बिघडले असेल?

उत्तर (वर्सोवा)

पांढुरके ग्रीस म्हणजे हबमध्ये पाणी शिरले आहे. रस्त्यावर धावून हब तापतो आणि आतली हवा प्रसरण पावते. तसाच तो समुद्राच्या पाण्यात बुडवला की हवा एकदम आकसते आणि मागच्या ऑइल सीलमधून (ग्रीस आत रोखणारी रबरी कडी) खारे पाणी आत ओढले जाते. म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर हबला हात लावून पाहावा आणि तो गार झाल्याशिवाय ट्रेलर पाण्यात नेऊ नये.

आता हब उतरवून दोन्ही बेअरिंगे रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन पूर्ण सुकवा. हबमध्ये बसलेल्या कपच्या (बेअरिंगची बाहेरची कडी) आतून नख फिरवा. ते कुठेही अडकले, किंवा रोलरवर निळसर डाग दिसला, तर बेअरिंग बदलावेच लागेल. नवा कोन (रोलर बसवलेली आतली कडी) जुन्या कपमध्ये बसवण्याची काटकसर करू नका, दोन्ही जोडीनेच बदला. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक उतरवून घेतला तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरील दुकानांत जोड मिळण्यास अडचण येऊ नये. ग्रीस पाण्याला टिकणारे, मरीन प्रकारचे घ्या आणि तळहातावर घेऊन रोलरच्या फटींतून पलीकडे निघेपर्यंत दाबा. ऑइल सील नवेच घाला.

हब ॲक्सलवर धरून ठेवणारा नट आवळण्यात मात्र बहुतेकांची चूक होते. हब फिरवत ठेवून नट आवळावा, मग पूर्ण सैल करून फक्त बोटांनी टेकवावा आणि नट जागेवर अडकवणाऱ्या स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर तो किंचित सैल करावा, आणखी आवळू नये. ही पिन दर वेळी नवी घालावी, कारण जुनी वाकवून पुन्हा वापरली की ती तुटण्याचा धोका असतो.

उत्तर (माझगाव)

डाव्या चाकाचे कारण बहुधा तो हँडब्रेकच आहे. ओढलेल्या स्थितीत लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे ब्रेकचे अस्तर) पावसाळाभर ड्रमला टेकून राहिले आणि खारट ओलीने गंजून चिकटले. साठवताना हँडब्रेक मोकळा ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

आता ट्रेलर निव्वळ जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर टेकवा, हँडब्रेक सोडा आणि ब्रेकच्या मागच्या खाचेतून ॲडजस्टर (लायनर व ड्रममधील अंतर ठरवणारा स्क्रू) सैल करून लाकडी हातोडीने ड्रमच्या कडेवर हलके ठोके द्या. आतली धूळ फुंकू नका किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ती ओल्या फडक्याने टिपून घ्या. व्हील सिलिंडरचे (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग) रबर उचलून पाहिल्यावर ओल दिसली, तर सिलिंडर गळत आहे. ब्रेक ऑइल हवेतील दमटपणा शोषते, म्हणून मुंबईत दोन वर्षांहून जास्त काळ तेच ठेवणे मला पटत नाही.

वर्सोव्याच्या उत्तरात एक भर घालतो. हबवर ग्रीस भरण्यासाठीचे स्प्रिंगचे टोपण असेल आणि त्यातून ग्रीस गनने अवाजवी दाब दिला, तर मागचे सील उचलले जाते आणि ग्रीस थेट लायनरवर येते. ग्रीस लागलेले लायनर धुऊन वापरू नयेत, बदलावेत.

प्रश्नकर्ता (बोरिवली)

दोघांचेही मनापासून आभार. डावा ड्रम सुटला आणि लायनर शाबूत आहेत, पण डाव्या बाजूचा सिलिंडर ओला आहे. तो मी स्वतः बदलावा का?

उत्तर (माझगाव)

सिलिंडर बदलणे अवघड नाही; अवघड आहे ते त्यानंतर लाइनमधील हवा काढणे. पेडल नसल्यामुळे पुढच्या कपलिंगचा (ट्रेलर गाडीला जोडण्याचा भाग) दांडा कोणीतरी दाबत राहावे लागते आणि हवा राहिली तर ब्रेक उतारावर दगा देतो. तेवढे काम अनुभवी मेकॅनिकला समोर बसवून करून घ्या. पहिल्या फेरीत दहा मिनिटांनी थांबून दोन्ही हबना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला, तर तेथूनच परत फिरा.